कामाच्या जागी मनाचा भरवसा

नोकरीला निघालेल्या मुलीला घरातून जो उपदेश होतो, त्यात एक शब्द हटकून असतो, आणि तो म्हणजे आत्मविश्वास. "घाबरू नकोस, आत्मविश्वास ठेव," असे वडीलधारी मंडळी सांगतात, शाळेच्या निरोपसमारंभात बाई सांगतात, आणि महिला मंडळाच्या व्यासपीठावरून तर आपण सगळ्याच जणी सांगत आलो आहोत. जणू आत्मविश्वास म्हणजे डब्यातली पोळीभाजीच. सकाळी घरून बांधून न्यायची आणि दुपारी उघडायची! पुढे साहेबापुढे बोलताना एखादीची जीभ अडखळली, किंवा झालेले काम ती दहादा तपासत बसली, की आपण म्हणतो, "पोर हुशार आहे हो, पण आत्मविश्वास नाही." म्हणजे दोष तिचा आणि उपायही तिनेच करायचा.

गेल्या शंभर वर्षांचा कामगारांचा इतिहास चाळला तर मात्र निराळेच चित्र दिसते. काम करणाऱ्या बाईचा स्वतःवरचा भरवसा पुष्कळसा कामाच्या जागीच घडतो, आणि मोडतोही तेथेच. तिला कोण कसे बोलते, तिची चूक झाली तर पुढे काय होते, तिच्या कामाचा हिशेब कोणाच्या वहीत असतो आणि ती वही तिला पाहता येते की नाही, अशा साध्या गोष्टींवर तो अवलंबून असतो. हे ज्या प्रयोगामुळे जगभर चर्चेचा विषय झाले, तो प्रयोग झाला तरुण कामगार मुलींवरच. आपल्याकडे व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांना तो पाठ्यपुस्तकात असतो, पण त्या मुलींची हकीकत मात्र कोणी नीट सांगत नाही. ती येथे सांगावी असा विचार आहे.

अमेरिकेत शिकागो शहराला लागून सिसेरो नावाचे गाव आहे. तेथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. सगळ्या अमेरिकेला लागणारी टेलिफोनची यंत्रे तेथे तयार होत. भरभराटीच्या दिवसांत सुमारे ४०,००० माणसे तेथे कामाला होती. म्हणजे एक लहानसे शहरच म्हणा ना! १९२४ पासून तेथे एक साधा प्रश्न तपासणे चालू होते, की दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का? उजेड वाढवला, काम वाढले. ज्या तुकडीचा उजेड तसाच ठेवला होता, तिचेही काम वाढले. मग उजेड कमी कमी करत नेला, तरी काम घटेना. दोघी जणींनी तर जवळजवळ चांदण्याइतक्या अंधूक प्रकाशातही आपले काम पूर्वीइतकेच करून दाखवले. तज्ज्ञ मंडळी बुचकळ्यात पडली. दिव्यापेक्षा दुसरेच काहीतरी येथे चालले आहे, एवढे मात्र त्यांच्या ध्यानात आले.

म्हणून एप्रिल १९२७ मध्ये त्यांनी मोठ्या विभागातून पाच मुली निवडून एका वेगळ्या खोलीत बसवल्या. सहावी मुलगी त्यांना सुटे भाग आणून देई. काम होते रिले जुळवण्याचे. रिले म्हणजे टेलिफोनच्या यंत्रातला एक छोटा खटका. त्याचे पस्तीसेक बारीक भाग हातांनी एकावर एक बसवून, स्क्रूने आवळून, पुढच्या घसरणीत टाकायचा. एक रिले सुमारे एका मिनिटात. घसरणीत पडला की यंत्रातल्या कागदी पट्टीवर त्याची नोंद होई. दिवसाला सुमारे पाचशे. ज्यांनी मोदकांच्या कळ्या किंवा गव्हल्या हातावेगळ्या केल्या आहेत, त्यांना या कामातली बोटांची सवय आणि मनाचा कंटाळा, दोन्ही समजावून सांगायला नकोत.

या मुली बहुतेक युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांतल्या, वयाने लहान, बऱ्याचशा पगार घरी आईच्या हातात देणाऱ्या. खोलीत आणण्याआधी दोन आठवडे त्यांच्या कामाची मोजदाद त्यांना न सांगता करण्यात आली होती. शास्त्राच्या दृष्टीने त्याला कारण असेलही. परंतु ज्या प्रयोगाची कीर्ती पुढे माणुसकीचा प्रयोग म्हणून झाली, त्याचा आरंभ असा चोरून मोजण्याने झाला, याची नोंद ठेवायला हवी.

खोलीत आल्यावर एकेक बदल सुरू झाले. पहिला बदल मोबदल्यात. मोठ्या विभागात सुमारे शंभर जणींच्या एकत्रित कामावर मजुरी ठरत असे, आता ती या पाच-सहा जणींच्याच कामावर ठरू लागली. मग सकाळी पाच मिनिटे आणि दुपारी पाच मिनिटे विसावा. मग दहा-दहा मिनिटे. मग पाच-पाच मिनिटांचे सहा विसावे. हे मुलींना आवडले नाही. बसलेला हात मोडतो, म्हणाल्या. मग सकाळी कंपनीकडून खाणे. मग अर्धा तास आधी सुट्टी, पुढे एक तास आधी, मग शनिवारी सकाळचेही काम बंद. बदल करण्यापूर्वी मुलींना बोलावून विचारले जाई, आणि त्यांना न रुचलेल्या काही कल्पना सोडूनही दिल्या गेल्या. काम वाढतच गेले. अखेरीस १९२८ च्या सप्टेंबरात साऱ्या सवलती काढून घेतल्या. विसावा नाही, खाणे नाही, पुन्हा जुना अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा. बारा आठवडे हे चालले. आरंभी एकेक मुलगी आठवड्याला सुमारे २,४०० रिले करी. सवलती काढलेल्या या काळात आकडा २,९०० च्या वर गेला होता!

हार्वर्ड विद्यापीठाचे एल्टन मेयो हे १९२८ मध्ये या प्रयोगाशी जोडले गेले, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ जगाला सांगितला. माणूस केवळ पैशासाठी किंवा विसाव्यासाठी काम करत नाही. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले, त्याला विचारले, चार माणसांत आपले म्हणून स्थान दिले, की त्याचे मन फुलते आणि हात चालतात. १९३९ साली या प्रयोगाचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि हा अर्थ सर्वत्र रूढ झाला. कर्मचाऱ्यांच्या 'मानसिक स्वास्थ्याची' जी भाषा आज बँकांत, कचेऱ्यांत, रुग्णालयांत ऐकू येते, तिची एक मोठी मुळी या खोलीत आहे.

अर्थ खोटा नाही. पण तो सांगताना एक गोष्ट फार घाईने उरकली गेली. जानेवारी १९२८ मध्ये, म्हणजे प्रयोगाला वर्षही झालेले नसताना, पाचांपैकी दोघींना खोलीतून परत पाठवण्यात आले होते. अपराध काय, तर त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत. आधी समज दिली होती, बोलावून दटावलेही होते. त्या बधल्या नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी अनुभवी मुली आणल्या. त्यांतली एक पुढे साऱ्या खोलीची गती ठरवणारी निघाली. तिच्या घरी त्याच सुमारास आई वारली, आणि घर तिच्या मिळकतीवर येऊन पडले. भराभर रिले जुळवण्यामागे 'मन फुलणे' किती आणि घरचे भाडे किती, याचा विचार आपल्यासारख्या संसारी बायकांच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि त्या परत पाठवलेल्या दोघींचे काय? त्यांतल्या एकीच्या वैद्यकीय तपासणीत असे दिसले की तिला रक्तक्षय झालेला आहे. म्हणजे जिला 'असहकारी' म्हटले, ती बिचारी अंगात रक्त नसताना दिवसाला शेकडो रिले जुळवत होती. आपल्याकडे अशा किती जणी 'आळशी' आणि 'चिडक्या' ठरल्या असतील, ते मोजायला कोणतीही कागदी पट्टी पुरणार नाही. विशेष म्हणजे ज्या बोलण्यासाठी दोघी गेल्या, ते बोलणे खोलीत पुढेही चालूच राहिले, आणि काम वाढत गेले.

सिडनीच्या अ‍ॅलेक्स केरी या अभ्यासकाने १९६७ साली या दोन गोष्टींवर, म्हणजे बदललेली मजुरी आणि काढलेल्या मुली यांवर, बोट ठेवून मोठी टीका केली. त्याला आधारही होता. १९२८ मध्येच दुसऱ्या पाच मुलींच्या तुकडीला इतर काहीही न देता फक्त तशी लहान गटाची मजुरी देऊन पाहिले होते. त्यांचे काम लगेच सुमारे बारा टक्क्यांनी वाढले. विभागातल्या इतर मुलींनी कुरकुर केल्यामुळे नऊ आठवड्यांनी ती मजुरी बंद केली, तेव्हा काम खाली आले. पुढे १९७८ साली जुन्या आकड्यांची नव्याने छाननी झाली. तीतही शिस्तीचा बडगा, मंदीची भीती आणि विसाव्याची वेळ, यांचाच वाटा मोठा निघाला. मायेच्या लक्षाने जादू झाली, ही गोष्ट जरा फुगवलेलीच होती असे म्हणावे लागते.

मग त्या खोलीत मुलींना काहीच मिळाले नाही का? मिळाले. ते काय होते, हे पंडितांपेक्षा मुलींनीच चांगले सांगितले आहे. ही खोली का आवडते, असे विचारल्यावर त्यांनी जी कारणे दिली त्यांत मोकळेपणा होता, लहान गट होता, वाढलेली मिळकत होती, आणि डोक्यावर मुकादम नाही ही गोष्ट होती. वस्तुतः मोठ्या विभागापेक्षा खोलीत त्यांच्यावर नजर अधिक होती. निरीक्षक समोर बसून टिपणे घेत असे, महिन्याला वैद्यकीय तपासणी होई. तपासणीला त्या आरंभी घाबरल्या. मग तपासणीबरोबर आइस्क्रीम आणि केक मिळू लागला तेव्हा तोही एक लहानसा समारंभ झाला. तरी मुलींना वाटे की येथे पाहारा नाही. याचे कारण सरळ आहे. पाहणारा माणूस चूक पकडायला बसलेला नव्हता. मान वर केली म्हणून बोलणी बसत नव्हती. मान वर करून बोलता येऊ लागले, तशी आपले मत आपल्याला आहे ही जाणीव त्यांच्यात आली. मी ज्याला मनाचा भरवसा म्हणते तो हाच. आपल्या हाताला काम येते हे तर त्यांना आधीही ठाऊक होते. हात शिकलेलेच होते. नव्याने आला तो आपल्या शब्दावरचा विश्वास.

चुकीच्या भीतीविषयी येथे एक अलीकडची गोष्ट सांगून पुढे जाते. १९९० नंतरच्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी दोन रुग्णालयांतल्या वॉर्डांची पाहणी केली. औषध देण्यातल्या चुका कोठे किती होतात, हे पाहायचे होते. अपेक्षा अशी की जेथे परिचारिकांचे आपसांत चांगले जमते, तेथे चुका कमी. नोंदी पाहिल्या तर उलटेच. चांगल्या वॉर्डांतच चुकांच्या नोंदी जास्त! पुढे उलगडा झाला तो असा, की त्या वॉर्डांत चूक झाली तर ती सांगण्याची भीती नव्हती, म्हणून ती वहीत लिहिली जात होती. दुसरीकडे ती पोटात ठेवली जात होती. रोग्याला धोका कोठे अधिक, हे निराळे सांगायला नको.

हॉथॉर्नला परत येऊ. खोलीतल्या अनुभवावरून कंपनीने सगळ्या कारखान्यात मुलाखतींची मोहीम काढली. १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांना एकेकटे बसवून त्यांचे ऐकून घेतले गेले. आरंभी ठराविक प्रश्न असत, पुढे बोलेल तसे बोलू द्यावे असे ठरले. कल्पना उदात्तच होती. कित्येकांच्या मनावरचे ओझे हलके झाले असणार. पण या मोहिमेतलीच एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका कामगार बाईने कारखान्याच्या उपाहारगृहातल्या जेवणाबद्दल तक्रार सांगितली. काही दिवसांनी ती मुलाखत घेणाऱ्याला भेटली आणि आभार मानू लागली, की तुम्ही माझे म्हणणे वर पोचवलेत, जेवण किती सुधारले! प्रत्यक्षात जेवणात मीठभरही फरक झालेला नव्हता. मेयोंच्या मंडळींना या गोष्टीचे फार कौतुक. ऐकून घेण्यातच केवढे सामर्थ्य आहे पाहा, असे ते म्हणत. मला मात्र ही गोष्ट वाचून त्या बाईसाठी वाईट वाटते. ज्या बाईने आयुष्यभर स्वयंपाक केला, तिची जीभ काही खोटे सांगत नव्हती. जेवण वाईट होते. ते सुधारायला हवे होते. तिला समाधान दिले गेले आणि आमटी तशीच राहिली. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याच्या नावाने आज जी व्याख्याने आणि शिबिरे होतात, त्यांतल्या काहींना ही आमटीची गोष्ट लागू पडते.

पुढे १९२९ ची महामंदी आली. टेलिफोनची मागणी कोसळली, हॉथॉर्नमध्ये हजारो माणसे कमी झाली. १९३२ मध्ये त्या खोलीतल्या मुलींच्याही नोकऱ्या गेल्या आणि खोली संपली. पाच वर्षे ज्यांना विचारून सारे काही केले, त्यांना हे एक मात्र विचारून करण्यात आले नाही. मालकाने दिलेला मोकळेपणा मालकाच्या वहीबरोबर मिटला. कारखाना स्वतः १९८३ पर्यंत चालला. पुस्तकांत त्याचे नाव अजून आहे. त्या मुलींनी बाहेर पडताना आपल्याबरोबर काय नेले, ते कोणी टिपून ठेवले नाही.

याच वर्षांत आपल्या मुंबईत काय चालले होते? शिकागोच्या खोलीत विसाव्याची मिनिटे मोजली जात होती, तेव्हा गिरणगावात १९२८ चा मोठा संप चालू होता. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. एका कामगाराने अधिक यंत्रे सांभाळावीत, या नव्या काटकसरीच्या योजनेविरुद्ध तो होता. गिरण्यांत त्या काळी पाच कामगारांमागे सुमारे एक बाई असे, बहुधा वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. त्यांच्यावर नायकीण असे. भरती तिच्या हाती, म्हणून दस्तुरीही तिच्या हाती. नायकिणीची मर्जी गेली तर उद्या दारातूनच परत. रोज सकाळी आपल्याला आत घेतील की नाही, या विवंचनेत उभ्या राहणाऱ्या बाईला आत्मविश्वासाचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? बायकांवर बाई नेमली की काम झाले, असा जो एक भाबडा समज असतो, त्यालाही नायकिणीचा इतिहास हे चांगले उत्तर आहे. जागा कोणाकडे आहे यापेक्षा त्या जागेला विचारणारे कोणी आहे का, हे महत्त्वाचे.

हे सारे वाचत असताना मला राहून राहून आठवण होत होती ती आपल्या गिरगावातल्या एका गच्चीची. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट या त्यांच्यापैकी एक. पदरी भांडवल नाही. भारत सेवक समाजाचे, म्हणजे नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या संस्थेचे सदस्य छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने ती विकायला घेतली. हाच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'. ही कथा आपल्या परिचयाची आहे, म्हणून तिची भरभराट येथे सांगत बसत नाही. मला सांगायचे आहे ते त्यातल्या कामाच्या रीतीविषयी.

त्या बायकांपैकी कोणी व्यवहारशास्त्र शिकलेले नव्हते. येत होते ते एवढेच, की उडदाचे पीठ किती तिंबायचे, लाटी केवढी घ्यायची आणि पापड पोळपाटावर कडेपर्यंत सारखा कसा पसरायचा. घरात या विद्येला कोणी विद्या म्हणत नसे. पापड बिघडला तरच उल्लेख. तीच विद्या बाजारात उभी राहिली. आरंभी दोन प्रतींचा माल काढावा, एक चांगला आणि एक स्वस्तातला, असे चालले होते. छगनबाप्पांनी सांगितले की माल एकाच उत्तम प्रतीचा ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. देणगी मागायची नाही, तोट्यात असलो तरी धर्मादाय घ्यायचा नाही, हे तर भगिनींनी आधीच ठरवले होते. तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटून टाकत, पण पाकिटात घालत नसत. मला वाटते, आपल्या हातच्या वस्तूला आपणच 'ही चालणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार मिळाला, तेथून मन ताठ होऊ लागते. कारखान्यात तो अधिकार तपासनिसाचा असतो.

पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. प्रश्न अगदी घरगुती, पण धंदा बुडवायला पुरेसा. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पावसातही काम चालू! कोणा तज्ज्ञाने येऊन हा उपाय सांगितला नाही. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये, आणि ती किती झाली हे सातही जणींना माहीत होते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली लिहिले की आपल्याला हे जमेल असा भरवसा माणसाला सर्वांत जास्त कशाने येतो, तर एखादी अवघड गोष्ट स्वतः पार पाडल्याने. दुसऱ्याच्या शाबासकीचा नंबर त्यानंतरचा. खाट आणि शेगडीवाल्यांना हे अठरा वर्षे आधीपासून कळलेले होते, असे म्हटले तर विद्वानांनी रागावू नये.

तीन महिन्यांत पंचवीस जणी झाल्या, आणि पुढे संख्या वाढतच गेली. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. तेव्हा नियम ठरले ते त्या गच्चीवरच्या रिवाजांतूनच. काम करणारी प्रत्येक स्त्री ही नोकर नव्हे, सभासद आणि भागीदार. तिला 'बहेन' म्हणायचे. सभासद फक्त स्त्रियाच. नफा झाला तर वाटणी सगळ्यांची, तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. जातिधर्म विचारायचा नाही, पण लाटण्याची जागा स्वच्छ आहे की नाही हे घरी जाऊन पाहायचे. सकाळी केंद्रावरून पीठ तोलून न्यायचे, घरी लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड तोलून द्यायचे आणि लाटण्याचे पैसे त्याच वेळी घेऊन जायचे. घरात नवऱ्याला किंवा सासूला हिशेब द्यायच्या आधी तो बाईच्या स्वतःच्या ओंजळीत पडतो, हे आपल्या समाजात लहान प्रकरण नाही.

सगळे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. पापड लाटून मिळणारे पैसे बेताचेच. खांदे आणि मनगटे दुखतात ती दुखतातच, आणि घरकाम कमी होत नाही ते नाहीच. सभासदांचा आकडा चाळीस हजारांपलीकडे गेल्यावर प्रत्येकीचे मत मोठ्या निर्णयांपर्यंत कितपत पोचते, हाही रास्त प्रश्न आहे. शिवाय हॉथॉर्नची मुलगी आठ तास कारखान्यात बसत होती आणि ही घरी बसून लाटते, म्हणजे दोघींची तुलना ओढूनताणून आणल्यासारखी काहींना वाटेल. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो दोघींच्या मनांतला फरक. खोली मोडली तेव्हा मुलींना कोणी विचारले नाही. लिज्जतमध्ये मात्र निर्णय सर्वसंमतीने करण्याची रीत ठेवली आहे. एकाही भगिनीने हरकत घेतली तर ठराव अडावा, असा संकेत आहे. शाखेची संचालिका लाटणाऱ्यांतूनच निवडली जाते, आणि थेट अध्यक्षपदापर्यंत तीच वाट आहे. सकाळी केंद्रावर जी बाई काट्यापाशी बसून दुसरीचा जाड झालेला पापड परत करते, तिने आदल्या वर्षापर्यंत त्याच रांगेत आपले पापड तोलून दिलेले असतात, आणि रांगेत उभी असलेली तिला तोंडावर विचारू शकते की हा का परत, दाखवा पाहू.